माय, अवर आणि एक खुर्ची

इंग्रजीतला 'माय' हा शब्द मला कधी आवडला नाही. माझा हात, माझी वाटी, माझं घर, माझे हात, माझ्या वाट्या. आपल्याकडे हा शब्द समोर काय आहे ते बघून तोंड बदलतो. इंग्रजीत तसं नाही. हात एक असो की दहा, बाई असो की बाप्या, 'माय' म्हणजे 'माय'. दगडासारखा. बदलायचं ते वस्तूनं बदलायचं, मालकानं नाही. हे समजायला माझा सबंध हिवाळा गेला आणि समजल्यावरही तोंडात बसलं नाही. नातवंडं अजून हसतात. हसू देत. त्यांना 'माझे' आणि 'माझ्या' यांतला फरक येत नाही, तेव्हा मी हसते का?

मी चौथी पास. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मुलींची शाळा तिथेच संपायची. लग्न झालं, आणि साठ-सत्तरच्या मधल्या त्या वर्षांत आमचे मला आणि पोरींना अबुधाबीला घेऊन आले. 'आमचे' म्हणजे माझा नवरा. एकच नवरा, तोही माझा, पण 'माझा' म्हणायची आमच्यात रीत नाही. तेही पुढे इंग्रजी शिकवणाऱ्या मेमसाबला समजावताना माझे हाल झाले.

तेव्हा युएई नाव नव्हतं. तेल निघालं होतं, पण गावात वाळूच जास्त होती. खजुरीच्या झावळ्यांची घरं, मधूनच एखादी सिमेंटच्या विटांची चाळ, आणि गाड्या वाळूत रुतल्या की सगळ्या गल्लीनं 'यल्ला, यल्ला' म्हणत ढकलायच्या. आमचे एका तेलकंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. आधी जहाजावर होते, त्यामुळे इंग्रजी बोलायचे. कंपनीनं आम्हाला दोन खोल्या दिल्या होत्या. अंगणात पाण्याचं पिंप, मागे समुद्राचा वारा, आणि समोर काहीच नाही.

त्या कंपनीतल्या एका इंजिनिअरची बायको घरात बसून कंटाळली असावी. तिनं स्टोअरमागच्या लाकडी खोलीत शाळा काढली. सकाळी पोरांची, आणि आठवड्यातून दोनदा दुपारी बायकांची. तिचा नवरा पूर्वी मुंबईला होता, म्हणून तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. आम्ही तिला मेमसाब म्हणायचो.

बायकांच्या वर्गाला कोकणातल्या आम्ही सात-आठ जणी जायचो. एकटीदुकटीनं बाहेर पडायची आमच्यात पद्धत नव्हती. सगळ्या बुरखे घालून आधी माझ्या अंगणात जमायच्या, कारण माझं घर वाटेवर होतं आणि आमचे कंपनीतले, म्हणून माझ्या नावावर त्यांचे नवरे त्यांना सोडायचे. मग तांडा निघायचा. मी नाही तर कोणीच नाही. हे मला तेव्हा ओझं वाटायचं. दर वेळी कोणीतरी उशीर करी आणि मेमसाब मला घड्याळ दाखवी.

शिकवायची ती मन लावून, हे कबूल करते. हात वर करून म्हणायची, "माय हँड. माय हँड्स." मी म्हणायची, "माइज हँड्स." ती डोळे मिटायची. "नो, नो. ओन्ली हँड्स." मग डोकं. "अवर हेड्स." मग नाक. मला वाटायचं, इतकी नाकं आणि डोकी शिकून मी कोणाशी काय बोलणार आहे? मला पाहिजे होतं ते दवाखान्यात बोलायचं इंग्रजी आणि बाजारात फसवणाऱ्याला ऐकवायचं इंग्रजी.

एकदा तिनं फळ्यावर तीन बायका आणि तीन पुरुष काढले आणि वाचलं, "द विमेन अँड देअर हजबंड्स."

श्रीवर्धनकडच्या एका शिंप्याची बायको माझ्याशेजारी बसायची. जिभेला हाड नव्हतं तिच्या. ती माझ्या कानाशी म्हणाली, "अगो, विचार तिला, एकेकीला किती?"

मी विचारलं. मेमसाब लाल झाली. "वन! ओन्ली वन!"

"मग हजबंड्स कशाला?"

"तीन औरत, तीन आदमी," ती म्हणाली. "देअर मतलब अपने-अपने."

"आणि तिघींचं मिळून एकच घर असलं तर?"

"देअर हाउस."

"म्हणजे आपलं पण देअर आणि आपापलं पण देअर?"

"यस!" तिला वाटलं मला समजलं.

शिंपीणबाई हसून म्हणाली, "चोरांची भाषा गो ही. माल कोणाचा ते कळूच द्यायचं नाही." आम्ही सगळ्या हसलो. मेमसाबला वाटलं आम्ही तिच्या चित्राला हसलो. तिनं फळा पुसून टाकला आणि परत हातांवर आली.

अजून एक. एका पोरीचं पुस्तक म्हणायचं तरी 'गर्ल्स बुक', दोघींचं म्हणायचं तरी 'गर्ल्स बुक'. लिहिताना म्हणे वर एक खिळा मारायचा, तो कधी अलीकडे, कधी पलीकडे. बोलताना खिळा दिसतो का? मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माणसं समजून घेतात. समजूनच घ्यायचं असेल तर मला शिकवतेस कशाला, असं मी मनात म्हटलं. मनातच म्हटलं, कारण माझ्या पोरी तिच्याकडे शिकत होत्या.

आता पोरींचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

माझ्याबरोबर दोन पोरी होत्या. थोरली आणि धाकटी. दोघींत काही महिन्यांचंच अंतर. थोरली माझ्या जावेची. जाव तापानं गेली तेव्हा थोरली अंगावर पीत होती आणि धाकटी नुकतीच झाली होती. मी दोघींना पाजलं. दीर जहाजावर खलाशी, तो वर्षातून कधी यायचा, कधी नाही. थोरलीला हे सगळं माहीत होतं. लपवायचं काही नव्हतं. फक्त बोलायचं नव्हतं. माझ्या सासूनं घरात दंडक घातला होता, 'ज्या घरात माझं पोर, तुझं पोर सुरू झालं, त्या घरात दुसरी चूल मांडायची वेळ आली.' एकदा शेजारणीनं थोरलीला 'दिराची पोर' म्हटलं तर सासूनं तिला अर्ध्या चहावरून उठवलं होतं. आम्ही सगळे 'आमच्या पोरी' म्हणायचो. दीरसुद्धा.

मेमसाबची पोरांची शाळा सुरू झाली तेव्हा मी दोघींना घेऊन गेले. ती म्हणाली, "योर डॉटर्स?" मी म्हटलं, "माय डॉटर्स." तिला इतका आनंद झाला. सगळी नाकं-डोकी वाया गेली नव्हती. तिनं दोघींना खुर्च्या दिल्या. खुर्च्या मोजक्याच होत्या, मेसमधून टाकून दिलेल्या, कोणाची पाठ मोडलेली, कोणाचा पाय. एका मुलाला एक.

थोरली शिकायला लागली. धाकटीचं लक्ष खिडकीत. पण थोरलीला त्या शाळेचा नादच लागला. घरी येऊन पिंपाला, चुलीला, मला इंग्रजीत हाका मारायची. 'पाणी आण' म्हटलं तर "यस, आय ॲम कमिंग." मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. आमच्या घरात चौथीच्या पुढे कोणी पोर गेली नव्हती. मी ठरवलं होतं की ही जाईल. गावी परत पाठवली असती तर तिला कोण शिकवणार होतं? तिथे तिची वाट बघायला माझी म्हातारी सासू आणि एक रिकामी गोठ्याची खोली.

मग एक दिवस मेमसाब मेसमध्ये बिस्किटांचे रिकामे डबे मागायला गेली. आमच्यांना म्हणाली, तुमच्या दोन्ही मुली हुशार आहेत. आणि आमच्यांना त्यांचं जहाजावरचं इंग्रजी दाखवायची हुक्की आली.

त्याच दुपारी बायकांचा वर्ग सुटल्यावर तिनं मला थांबवलं. बाकीच्या दारात उभ्याच होत्या.

"बडी लडकी तुम्हारी नहीं है," ती म्हणाली.

"माय डॉटर," मी म्हटलं.

"तुम्हारे आदमी ने बोला. ब्रदर्स डॉटर."

"हां. ब्रदर्स डॉटर. माय डॉटर."

तिनं सुस्कारा टाकला. ही शाळा कंपनीच्या माणसांच्या स्वतःच्या मुलांची आहे, ऑफिसचा नियम आहे, एक कारकून आपल्या पोरासाठी खुर्ची मागतो आहे. शनिवारपासून थोरलीनं येऊ नये. आणि मग म्हणाली, "तुमने झूठ क्यों बोला?"

झूठ! दारात बाया उभ्या. मी हिंदीत सांगितलं की हिची आई मेली, मी दूध पाजलं, आमच्या धर्मात दूध पाजलं की नातं झालं, हिचं मग माझ्या पोटच्या मुलाशी लग्नसुद्धा होऊ शकत नाही. एवढं मोठं नातं. ती ऐकत होती. ऐकून म्हणाली, "ऑफिस को दूध समझ में नहीं आता."

मी घरी आले. आमचे संध्याकाळी आले, चहा मागितला. मी दिला आणि विचारलं, "मेमसाबला काय सांगितलंत?"

"काय सांगितलं? तिनं विचारलं ते सांगितलं."

"तिनं कुठे विचारलं? ती म्हणाली दोन्ही हुशार आहेत. 'थँक्यू' म्हणायचं आणि डबे द्यायचे."

"मग मी खोटं बोलू?"

"खोटं? इतकी वर्षं घरात काय बोलता तुम्ही? आमच्या पोरीच ना? की घरात खोटं आणि मेसमध्ये खरं?"

"अगो, घरातलं वेगळं. साहेबांना सगळं बरोबर सांगावं लागतं. जहाजावर पहिलं विचारतात, तुझं कोण, दुसऱ्याचं कोण."

"तुमच्या आईसमोर बोलून दाखवा ना हे. एकदाच."

आईचं नाव काढलं की त्यांचा आवाज उतरायचा. चहा तसाच ठेवून म्हणाले, "आता खलास. नियम आहे तर आहे. धाकटी तरी जाईल."

दोघी पोरी खोलीत ऐकत होत्या. थोरली दारात आली आणि म्हणाली, "शी कॅन गो. आय विल स्टे." अगदी बरोबर इंग्रजीत. माझं डोकं आणखी सणकलं. ज्या बाईनं तिला हे शिकवलं तिनंच तिला घरी बसवलं, आणि ही ते तिच्याच भाषेत मला समजावते.

"कोणी जाणार नाही," मी म्हटलं. "दोघी जातील, नाहीतर दोघी घरी बसतील."

धाकटी रडली. तिला शाळा आवडत होती असं नाही, पण नाही म्हटलं की सगळं आवडतं. आजही ती मला ऐकवते, 'थोरलीसाठी मला घरी बसवलंस.' हो, बसवलं. परत वेळ आली तर परत बसवीन. एकीला पाठवून दुसरीला भांडी घासायला ठेवली असती, तर सासूची चूल मी स्वतःच्या हातानं वेगळी मांडली असती.

शनिवारी दोघी घरी राहिल्या. बायकांच्या वर्गाच्या दिवशी सगळ्या अंगणात जमल्या. मी बुरखा न घालता तांदूळ निवडत बसले होते.

"चल ना," शिंपीण म्हणाली. "नाकं वाट बघतायत."

"मी नाही येत. तुम्ही जा."

"आम्ही? तुझ्याशिवाय? माझा नवरा म्हणतो, आधी सोबत कोण ते दाखव, मग जा." तिनं बुरखा वर केला आणि माझ्यासमोर बसली. "बरं झालं. मला ते 'देअर' झेपतच नव्हतं. आण इकडे थोडे तांदूळ."

बाकीच्याही बसल्या. मी कोणाला अडवलं नव्हतं. संप वगैरे शब्द मला तेव्हा माहीतही नव्हता. पण जमल्या त्या माझ्याकडेच, आणि मी उठले नाही तर उठणार कोण? पुढच्या वेळीही तेच झालं. त्याच्या पुढच्या वेळीही. मला मात्र याचं काही समाधान नव्हतं. रोज सकाळी थोरली पिंपावर बोट ओलं करून अक्षरं काढायची, उन्हानं ती लगेच वाळायची, ती परत काढायची. मला ते बघवत नव्हतं. मी तिला दोनदा ओरडले की पाणी वाया घालवू नकोस.

मग मेमसाब आली. दुपारी जेवणाच्या वेळी, उन्हात, टोपी घालून. वाळूत बूट रुतवत. मी दार उघडलं. घरात चटईवर दोघी पोरी जेवायला बसल्या होत्या. आमच्यात एका मोठ्या ताटात सगळ्यांनी जेवायची रीत आहे. त्या दिवशी तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण होतं. दोघी समोरासमोर, मध्ये ताट.

मी मेमसाबला पाणी दिलं. ती पोरींकडे बघत राहिली. "एकच प्लेट?" ती म्हणाली. "किसका?"

"दोनों का."

"झगडा नहीं करती?"

"भांडतात. पण ताटात हात आपल्या बाजूनं घालायचा. समोरचं खायचं, पलीकडचं ओढायचं नाही. लहानपणीच शिकवतो." मी थोरलीच्या बाजूला बोट दाखवलं, मग धाकटीच्या. "ताट आपलं. बाजू आपापली."

तिला कितपत समजलं कोण जाणे. ती इंग्रजीत म्हणाली की बायकांचा वर्ग रिकामा आहे, ती तीनदा एकटी जाऊन बसली, तिच्या नवऱ्यानं तिला विचारलं की काय झालं. मला तिची दया आली नाही. तिची शाळा रिकामी होती, माझी पोर घरी होती. दोघींपैकी कोणाचं जास्त गेलं?

"बोथ," मी म्हटलं. "बोथ गर्ल्स. देन आय कम. ऑल कम."

"ऑफिस..."

"ऑफिस माझ्या घरी जेवायला येतं का?" हे मी मराठीत म्हटलं. थोरलीनं तोंडात घास असताना त्याचं इंग्रजी केलं. मी तिला डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

मेमसाब हसली नाही. तिनं पाणी प्यायलं, टोपी घातली, आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "कारकुनाच्या मुलाला खुर्ची मी दिली आहे. ती परत घेता येत नाही. तुमच्या घरची खुर्ची एकच. त्या खुर्चीवर कोण बसतं ते मी बघणार नाही."

काही लोक म्हणतील, ताट बघून तिचं मन बदललं. मला तसं वाटत नाही. ताट तिनं बघितलं, पण तिला पाहिजे होत्या त्या आठ बाया. मला त्याचं वाईट वाटत नाही. माणसं कामासाठीच वाकतात, आणि वाकली की पुरे.

दुसऱ्या दिवसापासून दोघी गेल्या. एका खुर्चीवर दोघी, अर्धी-अर्धी. ताटासारखीच, आपापल्या बाजूनं. ती खुर्चीही नेमकी पाय मोडकी. एक उठली की दुसरी पडायची. दोघींच्या मांड्यांना वळ. मला रोज संताप यायचा. एवढी मोठी कंपनी, जमिनीतून तेल उपसते, समुद्रात लोखंड उभं करते, आणि एका आठ वर्षांच्या पोरीला लाकडाची एक बैठक देताना तिचा नियम मोडतो! आमच्यांना म्हटलं, मेसमधून एक स्टूल आणा. ते म्हणाले, मोजून ठेवलेली आहेत. मी म्हटलं, तुमचं सगळं मोजलेलंच. त्या दिवशी त्यांना सालनात, म्हणजे कालवणात, मीठ जास्त लागलं. ते चुकून पडलं नव्हतं.

बायकांचा वर्ग परत सुरू झाला. मेमसाब माझ्याशी नीट वागायची, फक्त 'माय फॅमिली' हा धडा तिनं परत कधी घेतला नाही. आम्ही भाज्यांवर गेलो. भाज्या बऱ्या. भाजी कोणाची असली तरी कोणाला काही वाटत नाही.

उन्हाळा वाढला तसा तिच्या नवऱ्याची बदली झाली. शाळा बंद झाली. एवढ्या भांडणानंतर थोरलीला जेमतेम एक हंगाम मिळाला. पण तोवर तिला वाचता येत होतं, आणि वाचता येणाऱ्याला परत अडाणी करायचा नियम कोणत्याही ऑफिसकडे नाही. पुढे तिनं आमच्यांच्या मागे लागून मुंबईला मामाकडे राहून शाळा केली. ती तिची गोष्ट, तीच सांगेल.

जाताना मेमसाबनं ती मोडकी खुर्ची आमच्या घरी पाठवून दिली. आमच्यांनी तिचा पाय ठोकून दिला. दोघी पोरी धावल्या.

"माझी! मी आधी बसायची!"

"खोटं! माझ्या मांडीला जास्त वळ पडलेत, माझीच!"

इतके महिने अर्ध्या खुर्चीवर निमूट बसल्या होत्या, घरी आल्याबरोबर माझी-तुझी सुरू. मी दोघींना बाजूला केलं, खुर्ची उचलली आणि अंगणात नेऊन तिच्यावर पाण्याचं रिकामं पिंप ठेवलं. उंची बरोबर जमली. पिंपाच्या नळाखाली कळशी छान बसायला लागली.